फ्लास्कमध्ये काम नेमकं कोण करतं? सॅलेनपासून सुझुकी कपलिंगपर्यंत

सांगलीसारख्या गावात कॉलेजच्या प्रयोगशाळेत धातूंच्या कॉम्प्लेक्सवरचं (धातू आणि त्याला धरणारे रेणू मिळून बनलेल्या संयुगावरचं) काम बहुतेक वेळा सॅलेनपासून सुरू होतं. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमीन या दोन बाटल्या, एक आरबी (गोल बुडाचा फ्लास्क), एक कंडेन्सर आणि थोडं अल्कोहोल, एवढ्या सामानावर धातूला चार ठिकाणी धरणारा लिगँड (धातूला बांधून घेणारा रेणू), म्हणजे सॅलेन, तासाभरात हातात येतो. ह्यूगो शिफने असे इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची संयुगं) १८६४ मध्ये केले, फायफरने १९३३ मध्ये सॅलेनची कॉम्प्लेक्सेस तयार केली. १९९० मध्ये जेकबसन आणि कात्सुकी यांनी स्वतंत्रपणे याच सांगाड्यातल्या मँगनीजने इपॉक्सिडेशन (कार्बन-कार्बन दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवणं) करून दाखवलं आणि सॅलेन पुन्हा सगळ्यांच्या टेबलावर आला. आमची वाटही तीच: आधी तांबं-निकेल, मग मँगनीज, मग पॅलेडियम आणि सुझुकी कपलिंग (अरिल ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल यांचे कार्बन जोडणारी अभिक्रिया).

या वाटेवर कॉम्प्लेक्स बनवणं सोपं आहे. ते शुद्ध आहे हे दाखवणं त्याहून कठीण. आणि उत्प्रेरण तेच कॉम्प्लेक्स करतंय, त्यातून सुटलेलं दुसरं काही नाही, हे दाखवणं सगळ्यांत कठीण. बहुतेक प्रबंधांत या शेवटच्या भागाला दोन ओळी मिळतात, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी लिगँड. २० मिलिमोल म्हणजे २.४४ ग्रॅम सॅलिसिलाल्डिहाइड २५ मिली गरम अल्कोहोलमध्ये घ्यायचं आणि ०.६० ग्रॅम (१० मिलिमोल) एथिलीनडायअमीन थेंबाथेंबाने सोडायचं. पहिल्या थेंबालाच पिवळा रंग येतो. अर्धा तास रिफ्लक्स, मग थंड करून गाळायचं, थंड अल्कोहोलने धुवायचं. चकचकीत पिवळ्या पापुद्र्यांसारखे स्फटिक येतात. पूर्ण यील्ड २.६८ ग्रॅम, वितळणबिंदू १२५ ते १२८ अंशांच्या दरम्यान आणि दोन अंशांच्या आतला. यात बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं, पण बिघाड बाटल्यांतच असतो. सॅलिसिलाल्डिहाइड हवेत राहिलं की त्याचं सॅलिसिलिक आम्ल होत जातं आणि बाटली तांबूस-तपकिरी दिसायला लागते. एथिलीनडायअमीन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, बाटलीच्या तोंडावर पांढरी खरपुडी धरते, तो कार्बामेट. अशा बाटलीतून पिपेटने ०.६७ मिली घेतलं तर प्रत्यक्षात अमीन कमीच येतं. अल्डिहाइड कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्यावं, अमीनही ताजं ऊर्ध्वपातित, आणि दोन्ही वजनाने मोजावीत.

प्रमाण चुकलं तर त्याची शिक्षा पुढच्या टप्प्यात भोगावी लागते. अल्डिहाइड उरलं तर तांबं त्यालाच धरतं आणि बिस-सॅलिसिलाल्डिहायडॅटो कॉपर तयार होतं. तेही हिरवंच, तेही गाळणकागदावर छान दिसतं. सीएचएनचा (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनच्या प्रमाणाचा) रिपोर्ट आला की नायट्रोजन कमी निघतो आणि मग ‘पाण्याचे दोन रेणू धरून’ आकडे जुळवायची खटपट सुरू होते. उलट अमीन जास्त झालं तर गाळलेलं द्रावण निळं-जांभळं दिसतं. तांब्याभोवती दोन एथिलीनडायअमीन बसल्याची ती खूण. म्हणून गाळलेलं द्रावण लगेच सिंकमध्ये ओतू नये, आधी त्याचा रंग बघावा.

अल्कोहोलबद्दल थोडं. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत, पण प्रयोगशाळेला अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मिळत नाही. परवान्याचं नूतनीकरण आणि साठ्याची नोंदवही ही कामं कुणीतरी अंगावर घ्यावीच लागतात. तोवर डिनेचर्ड स्पिरिटवर भागवू नये. त्यात पिरिडिनसारखं काही मिसळलेलं असेल तर ते थेट धातूला जाऊन चिकटतं. मिथेनॉल चालतं, हूड चालू ठेवून.

कॉम्प्लेक्स करताना धातूचं अ‍ॅसिटेट घ्यावं. फिनॉलचा प्रोटॉन काढायला अ‍ॅसिटेट स्वतःच बेसचं काम करतं. क्लोराइड घेतलं तर ट्रायएथिलअमीन किंवा पोटॅश घालावा लागतो आणि तो जरा जास्त झाला की धातूचं हायड्रॉक्साइड पडतं, जे कॉम्प्लेक्ससोबत गाळलं जातं आणि पुढे कशातच विरघळत नाही. ५ मिलिमोलसाठी १.३४ ग्रॅम लिगँड ४० मिली गरम अल्कोहोलमध्ये, त्यात १.०० ग्रॅम कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट १५ मिली गरम पाण्यात विरघळवून. निकेलसाठी १.२४ ग्रॅम निकेल अ‍ॅसिटेट टेट्राहायड्रेट. तांब्याचं गडद हिरवं, निकेलचं नारिंगी-लाल. गाळताना अ‍ॅसिटिक आम्लाचा वास आला पाहिजे. पर्क्लोरेट क्षार स्फटिक छान देतात म्हणून अनेक जण तिकडे वळतात. सेंद्रिय लिगँड असलेली पर्क्लोरेटं कोरडी खरवडताना स्फोट होऊ शकतो. दुसरा मार्ग असेल तर तो घ्यावा, नसेल तर मिलिग्रॅममध्येच करावं आणि सिंटर्ड फनेलवर धातूचा स्पॅच्युला लावू नये.

मँगनीजचं जरा वेगळं. सुरुवात मँगनीज (दोन) अ‍ॅसिटेटने होते आणि हवेच्या बुडबुड्यांनी मँगनीजची ऑक्सिडेशन अवस्था दोनवरून तीन होते. लिगँडच्या दुप्पट ते अडीचपट क्षार, रिफ्लक्स करताना फिशटँकच्या पंपाने हवा, शेवटी तिप्पट लिथियम क्लोराइड. पावसाळ्यात लिथियम क्लोराइड उघड्या बाटलीत पाणी धरून थबथबतं. वजन केलेल्यातलं निम्मं पाणी असू शकतं. तपकिरी पावडर मिळते, चुंबकीय मोमेंट ४.९ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास यायला हवा.

आता शुद्धता. इन्फ्रारेडमध्ये सॅलेनचा इमाइनचा पट्टा १६३५ प्रति सेंटीमीटरच्या आसपास असतो. धातू बसल्यावर तो खाली, साधारण १६०० ते १६२५ च्या पट्ट्यात सरकतो. हे सगळे लिहितात. ३४०० च्या रुंद पट्ट्याबद्दल मात्र सावध राहावं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या हवेत केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) गोळीत पाणी येतंच आणि तो पट्टा ‘कोऑर्डिनेटेड वॉटर’ म्हणून प्रबंधात जातो. केबीआर ओव्हनमध्ये वाळवून, इन्फ्रारेड दिव्याखाली घोटून गोळी करावी, आणि पाणी खरंच धातूवर आहे असं म्हणायचं असेल तर टीजीए (तापवत जाऊन वजनातली घट मोजणं) हवं. जाळीत अडकलेलं पाणी साधारण १२० अंशांच्या आत निघून जातं, धातूला धरलेलं पाणी त्याच्या बरंच वर टिकतं.

निकेल सॅलेन हे तपासणीचं उत्तम साधन आहे. सपाट चौरस निकेल डायामॅग्नेटिक असतं, म्हणून एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) स्वच्छ येतो. डीएमएसओ या द्रावकात लिगँडचा १३.४ च्या आसपासचा ओएच पूर्ण गेलेला दिसला पाहिजे आणि इमाइनचा सिग्नल ८.६ वरून ७.९ कडे आलेला. सीएच-टू मात्र ३.४ ला येतो आणि डीएमएसओतलं पाणी ३.३३ ला. दोन्ही एकमेकांवर चढले की इंटिग्रेशन दुप्पट दिसतं. पीक रुंद झाले, बेसलाइन डोलायला लागली तर समजावं की आत पॅरामॅग्नेटिक काहीतरी आहे, म्हणजे निकेलचा दुसरा प्रकार किंवा उरलेला अ‍ॅसिटेट. एनएमआरसाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात किंवा मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात. पाठवण्याआधी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवलं नाही तर रिपोर्टमध्ये अल्कोहोल ठळक आणि कॉम्प्लेक्स बारीक दिसतं.

गुई तराजू (चुंबकीय मोमेंट काढायचं साधन) अजून अनेक कॉलेजांत आहे आणि नीट वापरला तर उपयोगी आहे. कॅलिब्रेशनसाठी मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेट, त्याची चुंबकग्राह्यता २० अंशांना १६.४४ गुणिले दहाचा उणे सहावा घात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो २० अंशांचा आहे. सांगलीत मे महिन्यात खोलीचं तापमान ३८ असतं, तिथे तो १५.५ पर्यंत उतरतो. ही दुरुस्ती न करता काढलेले मोमेंट मार्चमध्ये एक आणि मेमध्ये दुसरे येतात, मग दोष नळीतल्या पॅकिंगला दिला जातो. पॅकिंगचाही दोष असतोच. पावडर बारीक करून, थोडीथोडी टाकून, प्रत्येक वेळी नळी तितक्याच वेळा आपटून भरावी लागते.

धातूचं प्रमाण प्रयोगशाळेतच काढावं. निकेलसाठी डायमिथिलग्लायॉक्झाइमचा लाल साका, त्यात निकेल २०.३२ टक्के, कॉम्प्लेक्समध्ये हिशेबाने १८.०६ यायला हवं. तांब्यासाठी आयोडोमेट्री, १९.२७. आधी कॉम्प्लेक्स संहत आम्लात पूर्ण तोडावं लागतं. द्रावणात पिवळट झाक राहिली तर लिगँडचा काही भाग शिल्लक आहे आणि आकडा कमी येणार.

मँगनीज सॅलेनने स्टायरीनचं इपॉक्सिडेशन हा उत्प्रेरणाचा पहिला धडा म्हणून बरा. स्टायरीनमधलं स्टॅबिलायझर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन काढायचं. ऑक्सिडंट म्हणून घेतलेलं बाजारातलं हायपोक्लोराइट (ब्लीच) बाटलीवर लिहिलेल्या ताकदीचं आहे असं कधी धरू नये. उन्हाळाभर दुकानात उभ्या राहिलेल्या बाटलीची ताकद उतरलेली असते. ती टायट्रेशनने मोजावी: पोटॅशियम आयोडाइड, अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.१ नॉर्मल थायोसल्फेट. थायोसल्फेटच्या दर मिलीमागे ३.७२ मिलिग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट. मग डायसोडियम फॉस्फेटने बफर करून पीएच ११.३ ला आणायचा. पीएच याहून चढला तर ऑक्सिडंट डायक्लोरोमिथेनच्या थरात जातच नाही आणि अभिक्रिया रेंगाळते. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आत उकळतं, ईथर ३४.६ ला. एप्रिल-मेमध्ये इथे ईथरच्या बाटलीचं झाकण उघडलं की फसफसतं आणि डायक्लोरोमिथेन सेपरेटिंग फनेलमध्ये हलवताना दाब धरतं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीही गरम. त्यामुळे कंडेन्सरला नळ जोडण्यापेक्षा बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा छोटा पंप बरा, पाणीही वाया जात नाही.

अभिक्रियेत तपकिरी रंग फिका पडत गेला तर उत्प्रेरक मरतो आहे. साध्या सॅलेनवर मोठे गट नसल्याने दोन मँगनीज ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जातात, आणि हायपोक्लोराइट लिगँडलाही खातं. जेकबसनच्या लिगँडवर टर्शरी ब्यूटिल गट आहेत ते यासाठीही. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) इपॉक्साइडबरोबर बेंझाल्डिहाइड किती येतं ते बघावं. ‘कन्व्हर्जन ९० टक्के’ (म्हणजे इतकं स्टायरीन संपलं) एवढंच लिहिलं तर त्यातलं इपॉक्साइड किती हे कळत नाही.

पॅलेडियमकडे वळल्यावर खेळ बदलतो. पॅलेडियम सॅलेन तसंच बनतं, पॅलेडियम अ‍ॅसिटेट आणि लिगँड, पिवळं आणि हवेत टिकणारं. मॉडेल अभिक्रिया म्हणून ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन १ मिलिमोल (१९९ मिलिग्रॅम), फिनाइलबोरॉनिक आम्ल १.२ मिलिमोल (१४६ मिलिग्रॅम), पोटॅशियम कार्बोनेट २ मिलिमोल (२७६ मिलिग्रॅम), ३ मिली डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड) आणि २ मिली पाणी, ८० अंश. उत्प्रेरक ०.५ मोल टक्के म्हणजे १.८६ मिलिग्रॅम. हे वजन चार आकडी तराजूवर करू नये. ०.१-०.२ मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तरी दहा टक्के चूक. १८.६ मिलिग्रॅम १० मिली डीएमएफमध्ये विरघळवून ताजं स्टॉक करावं आणि त्यातलं १ मिली घ्यावं. ०.१ मोल टक्के हवं तर ०.२ मिली. डीएमएफमधलं स्टॉक आठवडाभर ठेवून वापरू नये. डीएमएफ स्वतः हळूहळू पॅलेडियमला शून्य ऑक्सिडेशन अवस्थेवर (धातूरूपात) आणतं.

द्रावक आणि पाण्यातून लांब सुईने पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडावा. सेप्टमवर फुगा लावला की काम झालं असं नाही. फुगा बाहेरून हवा आत यायला उशीर करतो, द्रावणात आधीच विरघळलेला ऑक्सिजन काढत नाही, आणि रबरातून रात्रभरात ऑक्सिजन आत येतोच. ऑक्सिजन राहिला तर बोरॉनिक आम्ल स्वतःशीच जोडलं जाऊन बायफिनाइल बनतं. म्हणूनच या अभिक्रियेत जीसीसाठी इंटर्नल स्टँडर्ड म्हणून बायफिनाइल घेऊ नये, डोडेकेन घ्यावं. बोरॉनिक आम्लाच्या बाटलीत त्याचं निर्जल त्रिक, म्हणजे बोरॉक्सिन, किती आहे ते बाटलीगणिक बदलतं. १.२ पट घेण्याचं हेही एक कारण.

वर्कअपमध्ये डीएमएफ हा छळवाद. इथाइल अ‍ॅसिटेटने काढल्यावर तो थर पाण्याने आणि मिठाच्या संतृप्त द्रावणाने पुनःपुन्हा धुवावा लागतो. क्लोरोफॉर्ममधल्या एनएमआरमध्ये डीएमएफ ८.०२, २.९६ आणि २.८८ ला येतो, आणि ४-अ‍ॅसिटिलबायफिनाइलचा डब्लेट ८.०३ ला. इंटिग्रेशन दोनऐवजी सव्वादोन आलं तर २.९ च्या आसपास नजर टाकावी. उत्पाद पांढरा, १२० अंशांच्या आसपास वितळणारा. १ मिलिमोलला पूर्ण यील्ड १९६ मिलिग्रॅम. करडी झाक असेल तर त्यात पॅलेडियम आहे.

इथपर्यंत आलं की ९५ टक्के यील्ड मिळतं आणि बहुतेक कामं इथे थांबतात. खरा प्रश्न इथून पुढे आहे. सुझुकी कपलिंगमध्ये पॅलेडियम आधी शून्य अवस्थेत यावं लागतं, मग अरिल ब्रोमाइड त्याच्यावर बसतं, मग बोरॉनवरचा गट येतो, मग दोन्ही जुळून सुटतात. पॅलेडियम सॅलेनमध्ये चारही जागा दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजनांनी भरलेल्या. ब्रोमाइड येणार कुठे? लिगँडने निदान अर्धी जागा मोकळी केल्याशिवाय चक्र सुरू होणं अवघड. म्हणजे आपण कागदावर रेखाटलेलं कॉम्प्लेक्स हे फार तर साठवणीचं रूप, काम करणारं रूप दुसरंच असण्याची शक्यता मोठी. द्रावण पिवळ्यावरून तपकिरी-काळं होतं, काचेला आरशासारखा थर बसतो, हे त्याचं उघड चिन्ह.

पहिली तपासणी वेळेनुसार कन्व्हर्जनच्या वक्राची. ५, १०, २०, ४० मिनिटांनी ५० मायक्रोलिटर काढून, १ मिली इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन, सिलिकाच्या छोट्या प्लगमधून जीसीवर. एस-आकाराचा वक्र आला, म्हणजे सुरुवातीला काहीच नाही आणि मग झपाट्याने, तर टाकलेलं कॉम्प्लेक्स हे उत्प्रेरक नसून त्यातून उत्प्रेरक बनायला वेळ लागतो आहे. फक्त २४ तासांनंतर एकदा टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) बघितली तर हे कधीच दिसणार नाही.

दुसरी तपासणी कंट्रोलची, आणि यात कंटाळा करून चालत नाही. एकदा पॅलेडियमशिवाय, एकदा फक्त लिगँड, एकदा साधं पॅलेडियम अ‍ॅसिटेट तितक्याच मोल टक्क्यांत. डीएमएफ-पाण्यात, अशा सोप्या ब्रोमाइडवर, साधं पॅलेडियम अ‍ॅसिटेट बहुतेक वेळा तितकंच चांगलं चालतं. तसं झालं तर लिगँडच्या नावाने काहीही दावा करता येत नाही. म्हणूनच मॉडेल म्हणून ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन फार उदार पडतं. ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल घ्यावं, शक्य असेल तर अरिल क्लोराइड. तिथे लिगँडचा फरक दिसला तर तो खरा.

पॅलेडियमशिवायची अभिक्रियाही चालली तर आनंद मानू नये. २००३ मध्ये लेडबीटरच्या गटाने ‘धातूविरहित’ सुझुकी प्रसिद्ध केली आणि २००५ मध्ये त्यांनीच दाखवलं की सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीइतकं (अब्जात ५० भाग) पॅलेडियम होतं, तेच काम करत होतं. बुखवाल्ड आणि बोल्म यांनी २००९ मध्ये फेरिक क्लोराइडच्या काही कपलिंगमागे त्यातलं पीपीएम पातळीचं तांबं असू शकतं हे दाखवलं. १९८० च्या दशकात क्रोमस क्लोराइडच्या काही बाटल्या चालायच्या आणि काही नाही, कारण चालणाऱ्यांत निकेलची अशुद्धी होती. त्सीग्लरच्या प्रयोगशाळेत १९५३ मध्ये एथिलीनची साखळी अचानक दोन रेणू जुळताच, ब्यूटीनवरच, थांबली ती ऑटोक्लेव्हमधल्या निकेलच्या अंशांमुळे, आणि त्याचा माग काढता काढता पॉलिएथिलीनचे उत्प्रेरक सापडले. अशुद्धी हा सगळ्यांत जुना सहसंशोधक आहे. ब्लँक प्रयोगाला नवीन आरबी आणि नवीन स्टरबार घ्यावा. टेफ्लॉनच्या स्टरबारवर बारीक ओरखडे असतात, त्यांत पॅलेडियम अडकतं आणि नुसत्या घासण्याने निघत नाही. अनानिकोव्हच्या गटाने हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं आहे. जुनी काच वापरायचीच असेल तर अ‍ॅक्वा रेजिया, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, हूडमध्ये, ताजं करून. ते बाटलीत बंद करून ठेवायचं नाही आणि अ‍ॅसिटोनने खळबळलेल्या ओल्या फ्लास्कमध्ये ओतायचं नाही.

तिसरी पाऱ्याची. पॅलेडियमच्या ३०० पट पारा, म्हणजे वरच्या अभिक्रियेला ३०० मिलिग्रॅम, एक छोटा थेंब. जोरात स्टर करावं, नाहीतर पारा तळाशी बसून राहतो आणि चाचणी खोटी ‘पास’ होते. अभिक्रिया थांबली तर पॅलेडियम धातूचे सूक्ष्म कण काम करत होते असं म्हणतात. पण पारा काही रेण्वीय पॅलेडियम कॉम्प्लेक्सशीही अभिक्रिया करतो हे आता पुरेसं माहीत आहे, त्यामुळे एकट्या पाऱ्यावर निकाल देऊ नये. कार्बन डायसल्फाइडचं अंशतः विषारीकरण खोलीच्या तापमानाच्या हायड्रोजनेशनला ठीक. पण तो ४६ अंशांना उकळतो, ८० ला त्याचा उपयोग नाही.

चौथी, आणि मला सगळ्यांत बोलकी वाटते ती, उत्प्रेरक कमी करत जाण्याची. ०.५, ०.१, ०.०२ मोल टक्के. एका रेणूने एक काम असं असेल तर वेगही त्याच प्रमाणात पडायला हवा. पण अनेकदा पॅलेडियम पाचपट कमी केलं तरी वेग पाचपट पडत नाही, टीओएफ (दर पॅलेडियम अणूमागे तासाला होणाऱ्या फेऱ्या) उलट वाढतं. जास्त पॅलेडियम असलं की शून्यावरचे अणू एकमेकांना भेटून काळा साका होतो, बहुतेक पॅलेडियम तिथे अडकून पडतं. विरळ केलं की ते सुटं राहतं. डी व्रीस यांच्या कामातून याला ‘होमिओपॅथिक पॅलेडियम’ हे नाव रूढ झालं. हा नमुना दिसला तर सॅलेनची भूमिका पॅलेडियम हळूहळू सोडण्यापुरती आहे असं समजून चालावं.

हळदीच्या या गावात कर्क्युमिन लिगँड म्हणून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. बीटा-डायकिटोन आहे, धातूला सुंदर धरतं. पण बाजारातलं कर्क्युमिन हे तीन संयुगांचं मिश्रण असतं, ते वेगळं न करता केलेल्या कॉम्प्लेक्सचं सीएचएन जुळत नाही. शिवाय अल्कलीत हळद लाल होते हे घरोघरी माहीत आहे. कार्बोनेटमध्ये ८० अंशांना ती नुसती लाल होऊन थांबत नाही, कर्क्युमिन तुटतं आणि जाता जाता पॅलेडियमला शून्य अवस्थेत आणून त्याचे कण बनवतं. ‘कर्क्युमिन-पॅलेडियम कॉम्प्लेक्स’ असं शीर्षक देण्याआधी वरच्या चारही तपासण्या कराव्यात.

सिलिकावर किंवा मॅग्नेटाइटवर चिकटवलेल्या कॉम्प्लेक्सचं सध्या पेव फुटलं आहे. त्यात हॉट फिल्ट्रेशन (गरम असतानाच गाळून, द्रावणात धातू सुटला का ते बघणं) करताना ३० टक्के कन्व्हर्जनला, ८० अंशांवरच, आधी गरम केलेल्या सिंटर्ड फनेलमधून गरम फ्लास्कमध्ये गाळावं. खोलीच्या तापमानाला गाळलं तर द्रावणात आलेलं पॅलेडियम थंड होताना परत आधारावर जाऊन बसतं आणि गाळलेलं द्रावण निष्क्रिय दिसतं. मग ‘लीचिंग नाही’ असं लिहिलं जातं. गाळलेल्या द्रावणाचं आयसीपी (धातूचा अंश मोजणारी चाचणी) करून आकडा द्यावा.

पुनर्वापराचा तक्ताही असाच फसवा असतो. पाच फेऱ्या, प्रत्येकात १२ तास, यील्ड ९६, ९५, ९५, ९४, ९४. अभिक्रिया मुळात अर्ध्या तासात संपत असेल तर निम्म्याहून जास्त उत्प्रेरक मेला तरी १२ तासांत ती पूर्णच होणार. दर फेरीला दहाव्या मिनिटाचं कन्व्हर्जन मोजावं, जिथे पहिल्या फेरीत ते ३०-४० टक्के असतं. तिथे ३८ चं १५ झालेलं दिसलं तर तोच खरा आकडा, आणि तोच छापावा. टीओएनही (दर पॅलेडियम अणूमागे एकूण फेऱ्या) असाच: ०.५ मोल टक्के आणि ९५ टक्के यील्ड म्हणजे १९०. त्याला २४ तासांनी भागून काढलेलं टीओएफ निरर्थक, ते सुरुवातीच्या उतारावरून काढायचं. मध्येच वीज गेली आणि ऑइल बाथ थंड झाला तर तो प्रयोग वेगाच्या मोजणीतून काढून टाकावा, यील्डसाठी हवा तर ठेवावा.

पॅलेडियम लागलेलं सगळं, गाळणकागद, सेलाइट, सिलिकाचा वरचा काळा थर, एका वेगळ्या बाटलीत साठवावं. ते परत मिळवता येतं आणि पुढच्या वर्षीचं पॅलेडियम अ‍ॅसिटेट त्यातून थोडं हलकं होतं. पाऱ्याचा कचरा त्यात मिसळू नये, नाहीतर दोन्ही वाया. क्लोरिनयुक्त द्रावकांचा कॅन वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. धातू मोजताना वापरलेलं नायट्रिक आम्ल या दोन्हींपैकी कुठेच नाही: अल्कोहोलच्या कॅनमध्ये ते गेलं तर कॅन थोड्या वेळाने गरम होतो आणि फुटतो. त्याची बाटली काचेची, झाकण सैल, लेबल मोठ्या अक्षरांत.